ढवळलेले पाणी थांबते, हे सिद्ध झालेले आहे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गणितातल्या दहा लाख डॉलरच्या कोड्यांवरचा लेख आम्ही आवडीने वाचला. अवकल समीकरणांवर मराठी दैनिकात पानभर मजकूर येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र पाण्यासारख्या द्रवाचा प्रवाह सांगणाऱ्या नाव्हिये-स्टोक्स समीकरणांविषयी लिहिताना त्यात असे म्हटले आहे की, ढवळलेले पाणी अखेर शांत होते की नाही, एवढेसुद्धा गणिताला अजून सिद्ध करता आलेले नाही. हे विधान चुकीचे आहे, आणि चूक किरकोळ नाही. पाणी शांत होते का, हा प्रश्न १९३४ मध्ये विचारला गेला आणि १९८४ मध्ये सुटला. त्यानंतर तीन वर्षांत ते किती वेगाने शांत होते, याचाही हिशेब लागला. सुटलेला नाही तो प्रश्न निराळा आहे. दोहोंची गल्लत पदव्युत्तर वर्गातही सर्रास होते, म्हणून हे पत्र जरा लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

क्लोद-लुई नाव्हिये यांनी ही समीकरणे १८२२ मध्ये मांडली आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्यांची नीट बैठक घातली. त्यांचा आशय साधा आहे. पाण्याच्या एका कणाचा वेग का बदलतो? शेजारचे पाणी त्याला दाबते म्हणून आणि शेजारचे पाणी त्याला घासते म्हणून. घासण्याचे माप म्हणजे श्यानता. शिवाय पाणी दाबून लहान होत नाही, ही अट. अडचण सगळी एका पदात आहे. वेग स्वतःच स्वतःला वाहून नेतो, त्यामुळे समीकरणात वेगाचा वेगाशी गुणाकार येतो. या अरेषीय पदामुळे मोठा भोवरा फुटून लहान भोवरे होतात, लहानांचे आणखी लहान.

क्ले गणित संस्थेने २००० मध्ये जाहीर केलेले दहा लाख डॉलरचे कोडे असे आहे: त्रिमितीत सुरळीत वेगाने सुरुवात केली, तर वेग कायम सुरळीत राहतो का, की एखाद्या क्षणी, एखाद्या बिंदूपाशी तो अनंत होऊ शकतो? हा प्रश्न मधल्या काळाचा आहे. दीर्घकाळाने काय होते, हा प्रश्नच त्यात नाही.

दीर्घकाळाचा प्रश्न ज्याँ लरे यांचा. १९३४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, 'अॅक्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकातल्या प्रदीर्घ लेखात त्यांनी दाखवले की, सुरुवातीची ऊर्जा सांत, म्हणजे अनंत नसलेली, असेल तर या समीकरणांना सर्व काळासाठी किमान एक 'दुर्बल' उकल असतेच. दुर्बल म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी समीकरण तपासता येईलच असे नाही, सरासरीने ते पाळले जाते. लरे त्यांना 'संक्षोभी', म्हणजे खळबळत्या प्रवाहाच्या, उकली म्हणत. त्याच लेखाच्या शेवटाकडे त्यांनी विचारले: अशा उकलीची ऊर्जा काळ वाढत जाईल तशी शून्याकडे जाते का? याचे होकारार्थी उत्तर १९८४ मध्ये तोसिओ काटो आणि क्यूया मासुदा यांच्या कामातून आले. म्हणून आपल्याकडे दुरुस्ती छापायची झाली तर ती अशी असावी: 'बाहेरून ढवळणे थांबले की सांत ऊर्जेचा कोणताही श्यान प्रवाह शेवटी शून्याकडे जातो, हे सिद्ध आहे, मधल्या काळात वेग अनंत होऊ शकतो का, हे सिद्ध झालेले नाही.'

लरे यांच्या याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. लरे यांची कोणतीही उकल एका ठरावीक काळानंतर कायमची सुरळीत होते. म्हणजे बिघाड व्हायचाच असेल तर तो त्या मुदतीच्या आत व्हायला हवा. ही मुदत किती? सुरुवातीला वेगाच्या वर्गाचे सगळ्या पाण्यावर संकलन (कणाकणाची बेरीज) करायचे, त्या संख्येचा वर्ग करायचा आणि श्यानतेच्या पाचव्या घाताने भागायचे. (इथे आणि पुढे श्यानता म्हणजे घनतेने भागलेली श्यानता.) आता एक पेलाभर पाणी घेऊ: सुमारे २३० मिलिलिटर, सरासरी वेग सेकंदाला १० सेंटिमीटर. पाण्याच्या २० अंश सेल्सियसच्या श्यानतेने हिशेब केला आणि पुढचा स्थिरांक १ धरला, तर मुदत येते सुमारे ५ वर १८ शून्ये इतके सेकंद. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे धरले तर त्याच्या बारापट! प्रमेय खरे आहे, पण पेल्यासाठी निरुपयोगी. कारण ते कुठल्याही भिंतीशिवाय, अमर्याद पाण्यासाठी सिद्ध केलेले आहे, आणि खऱ्या पेल्याला भिंती असतात. या विषयातले निम्मे गोंधळ 'भिंत आहे की नाही' हे न सांगता बोलल्यामुळे होतात.

आधी भिंतींचे पाहू, कारण ते सोपे आहे. समीकरणाला वेगाने गुणून सगळ्या पाण्यावर संकलन केले की अरेषीय पदाचा वाटा बरोबर शून्य येतो. ते पद ऊर्जा मोठ्या भोवऱ्याकडून लहान भोवऱ्याकडे सरकवते, पण स्वतः एक कणही खात नाही किंवा निर्माण करत नाही. दाबाचा वाटाही शून्य. उरते फक्त घर्षण. ऊर्जा घटण्याचा दर म्हणजे श्यानता गुणिले वेगातल्या उतारांचा वर्ग. त्यामुळे ऊर्जा घटत जाते, हे एका ओळीत मिळते. विद्यार्थी इथेच थांबतात आणि 'म्हणून शून्याकडे जाते' असे लिहून मोकळे होतात. पण घटणारी संख्या शून्यावरच थांबली पाहिजे असे नाही. ती मध्येच कुठे तरी टेकू शकते. बंद भांड्यात मात्र भिंतीला चिकटलेल्या पाण्याचा वेग शून्य असतो. मध्ये वेग असेल तर भिंतीपर्यंत उतार असलाच पाहिजे, आणि भांडे जितके अरुंद तितका तो उतार तीव्र. यालाच प्वांकारेची असमानता म्हणतात. तिच्यामुळे घटण्याचा दर ऊर्जेच्या ठरावीक पटीपेक्षा कमी होऊ शकत नाही आणि ऱ्हास घातांकी होतो, म्हणजे ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा नाहीसा. १९८४ मध्ये चिप्रियान फोयाश आणि ज्याँ-क्लोद सो यांनी याहून बारीक गोष्ट दाखवली: उतारांचा वर्ग आणि ऊर्जा यांचे गुणोत्तर शेवटी त्या भांड्याच्या एका विशिष्ट संख्येवर स्थिरावते. प्रवाह मरताना भांड्याच्या ठरलेल्या साच्यांपैकी एकात बसूनच मरतो.

दंडगोल पेल्यात गोल फिरणाऱ्या पाण्यासाठी हा हिशेब कुणालाही करता येतो. २० अंशाला पाण्याची श्यानता सेकंदाला १ चौरस मिलिमीटर. हवेची सुमारे १५ आणि एरंडेलाची सुमारे १,०००. पेल्याच्या त्रिज्येचा मिलिमीटरमध्ये वर्ग करा, त्याला १४.७ ने आणि श्यानतेने भागा. वेग मूळच्या ३७ टक्क्यांवर यायला लागणारे सेकंद मिळतील. (१४.७ हा पहिल्या क्रमाच्या बेसेल फलाच्या पहिल्या शून्याचा, म्हणजे ३.८३२ चा, वर्ग.) त्रिज्या ३५ मिलिमीटर असेल तर ३५ चा वर्ग १,२२५, त्याचे होतात ८३ सेकंद. पाण्याची उंची ६ सेंटिमीटर धरून तळाचे घर्षणही घेतले तर ७९. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तिला याच्या निम्मा वेळ पुरतो. त्याच पेल्यात एरंडेल असेल तर सेकंदाचा बारावा भाग. चमचा थांबला की एरंडेल थांबलेच. पाण्याचे तापमान ३० अंश असेल तर श्यानता ०.८ पर्यंत उतरते आणि ७९ चे सुमारे ९९ सेकंद होतात. उन्हाळ्यात पाणी जास्त वेळ फिरते, हे यातून आपोआप निघते.

पण चहा ढवळून पाहणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही. चमचा काढल्यावर चहा सव्वा मिनिट तसाच गरगरत राहत नाही. अर्ध्या मिनिटात त्याचा जोर ओसरतो. गणित चुकले का? नाही. जे अरेषीय पद ऊर्जेच्या हिशेबात शून्य होते, तेच इथे आडून काम करते. फिरणारे पाणी बाहेरच्या कडेला दाब वाढवते. तळाशी चिकटलेला पाण्याचा पातळ थर मात्र फारसा फिरत नाही, त्यामुळे त्या दाबाला तो तोंड देऊ शकत नाही आणि तळावरून मध्याकडे ढकलला जातो. तिथून तो वर चढतो, वर बाहेरच्या बाजूला पसरतो आणि भिंतीला लागून पुन्हा खाली येतो. पेल्याच्या तळाशी चहाची भुकटी मध्यभागी गोळा होते, ती याच प्रवाहाने. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांविषयी लिहिताना हेच उदाहरण घेतले होते. या फेऱ्यामुळे मधले पाणी एकेक करून तळाच्या थरातून जाते आणि तिथे आपला वेग गमावते. श्यानतेला मधल्या पाण्यापर्यंत पोहोचावे लागत नाही, पाणीच तिच्याकडे येते. याला लागणारा काळ म्हणजे पाण्याची उंची भागिले श्यानता व कोनीय वेग यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. सेकंदाला ५ रेडियन, म्हणजे सव्वा सेकंदात एक फेरा धरला तर ६० मिलिमीटर भागिले २.२४, म्हणजे २७ सेकंद. पुढे पाणी मंदावते तसा हा काळ लांबत जातो. साधारण ११ सेकंदांना एक फेरा इतका वेग उतरला की तो ७९ सेकंदांशी बरोबरी करतो आणि तिथून पुढे साधा घातांकी ऱ्हास हाती सूत्रे घेतो. म्हणजे 'दीर्घकाळ' हा शब्द पेल्याच्या बाबतीत सुमारे दोन मिनिटांनंतर लागू होतो, त्याआधी नाही.

आता भिंती काढून टाकू. अमर्याद पाण्यात कुठलीही ठरावीक लांबी उरत नाही आणि प्वांकारेची असमानता हातातून जाते. एका सेंटिमीटरचा भोवरा विरायला जितका वेळ घेतो, त्याच्या शंभरपट वेळ दहा सेंटिमीटरच्या भोवऱ्याला लागतो. तितकीच ऊर्जा आणखी मोठ्या पसाऱ्यावर पातळ पसरून ठेवली, तर ती आपल्याला हवा तितका काळ टिकवता येते. म्हणून नुसती 'ऊर्जा सांत आहे' एवढी माहिती असेल, तर ऊर्जा शून्याकडे जाते एवढेच म्हणता येते. किती वेगाने, हे सर्वांना लागू होईल असे सांगता येत नाही. ही माहितीची कमतरता नाही. असा सर्वसाधारण दर असूच शकत नाही, हेही मारिया शोनबेक यांनी सिद्ध केले आहे.

दर मिळवायचा तर सुरुवातीचा वेग फार लांबवर पसरलेला नाही, अशी अट घालावी लागते. ती घातल्यावर काय करायचे, ते शोनबेक यांनी १९८५ मध्ये दाखवले. ती युक्ती इतकी नीटस आहे की ती पूर्ण सांगायलाच हवी. प्रवाहाचे फूरिये पद्धतीने लाटांमध्ये पृथक्करण करा. आखूड लाटा म्हणजे लहान भोवरे, लांब लाटा म्हणजे मोठे आणि संथ भोवरे. घर्षण आखूड लाटांना झपाट्याने खाते आणि लांब लाटांना जेमतेमच हात लावते. म्हणून तरंगसंख्यांच्या अवकाशात (लाट जितकी आखूड तितकी तिची तरंगसंख्या मोठी) मूळबिंदूभोवती एक गोल काढा आणि काळाबरोबर तो लहान करत न्या, असा की त्रिज्येचा वर्ग काळाच्या व्यस्त प्रमाणात राहील. गोलाबाहेर घर्षण पुरेसे जोरदार आहे, त्याची काळजी नको. प्रश्न फक्त गोलाच्या आत किती ऊर्जा आहे, एवढाच उरतो. गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या, म्हणजे काळाच्या उणे दीड घाताच्या प्रमाणात आक्रसते. आतल्या लाटांची उंची बांधलेली, म्हणजे एका ठरावीक मर्यादेच्या आत, असेल तर आतली ऊर्जाही त्याच दराने घटणार.

उंची बांधायची कशी? सुरुवातीची उंची अटीमुळे बांधलेलीच आहे. अरेषीय पद तीत भर घालते. ती भर तरंगसंख्या गुणिले आजवरच्या ऊर्जेचे काळावरचे संकलन, याहून जास्त नसते. पहिल्या फेरीत आपल्याला ऊर्जा वाढत नाही एवढेच माहीत आहे, म्हणून संकलन काळाइतके मोठे धरावे लागते. त्यातून ऊर्जेसाठी काळाचा उणे अर्धा घात मिळतो. तो वरच्या संकलनात पुन्हा घाला. दुसऱ्या फेरीत भर बांधली जाते आणि ऊर्जेसाठी उणे दीड घात पदरात पडतो. काळ चौपट झाला की ऊर्जा एक-अष्टमांश. फळ्यावर हे वीस मिनिटांत बसते. एकदाच फेरी करून उणे अर्ध्यावर थांबणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. पहिल्या फेरीचे उत्तर खोटे नसते, फक्त कमकुवत असते.

तिसरी फेरी केली तर? इथे या सिद्धान्ताचा गाभा आहे. ऊर्जा उणे दीड घाताने घटते म्हटल्यावर तिचे काळावरचे संकलन सांत होते, आणि अरेषीय पदाची भर तरंगसंख्येच्या साध्या पटीत राहते. तिचा वर्ग करून आक्रसत्या गोलावर संकलन केले की उणे अडीच घात येतो. सुरुवातीचा प्रवाह कितीही काळजीपूर्वक निवडा, त्याच्या लांब लाटा आधीच काढून टाका, तरी अरेषीय पद स्वतःच नव्या लांब लाटा तयार करते आणि त्या या दरानेच विरतात. मिखाएल वीग्नर यांनी १९८७ मध्ये हे नेमके मांडले: अरेषीय पद काढून टाकलेल्या समीकरणाची, म्हणजे उष्णतेच्या समीकरणाची, उकल ज्या दराने विझते त्याच दराने नाव्हिये-स्टोक्सची उकल विझते, फक्त त्रिमितीत ऊर्जेसाठी उणे अडीच घात ही त्याला मर्यादा. शोनबेक यांनी १९८६ आणि १९९१ मध्ये उलट बाजू दाखवली: प्रवाहांच्या मोठ्या वर्गासाठी ऊर्जा याहून वेगाने घटतच नाही. अपवाद आहेत, पण ते मुद्दाम जुळवावे लागतात. तेत्सुरो मियाकावा आणि शोनबेक यांनी २००१ मध्ये त्यांची अट दिली. वेगाच्या दोन घटकांच्या गुणाकाराचे अवकाश-काळावरचे संकलन दोन वेगळ्या दिशांसाठी शून्य आणि तिन्ही दिशांच्या स्वतःशी गुणाकारासाठी सारखे आले पाहिजे, आणि सुरुवातीच्या वेगाचे पहिले आघूर्णही (वेग गुणिले स्थान यांचे संकलन) नाहीसे झाले पाहिजेत. लॉरेन्झो ब्रँदोलेझे यांनी पुढे पुरेशी सममिती असलेले प्रवाह घेऊन असे वेगाने विझणारे नमुने प्रत्यक्ष बांधून दाखवले.

द्विमितीची गोष्ट वेगळी आणि आमच्या मते अधिक सुंदर. तिथे सुरळीतपणाचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. थिएरी गॅले आणि यूजीन वेन यांनी २००५ मध्ये सिद्ध केले की, पृष्ठभागावर भोवऱ्यांचा कितीही गुंता असो, त्यांच्या फिरण्याची एकूण बेरीज शून्य नसेल तर दीर्घकाळाने सगळे मिळून एकच गोल, पसरत जाणारा भोवरा उरतो. ओझेन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा भोवरा कोणत्या गुंत्यातून आला, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. आठवण राहते ती फक्त त्या एकूण बेरजेची. त्याचा गाभा श्यानता गुणिले काळ याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रुंदावतो. हवेत दोन मिनिटांत किती? जेमतेम ९ ते १० सेंटिमीटर. जड विमानाच्या पंखांच्या टोकांवरून सुटणारे भोवरे निव्वळ श्यानतेवर सोडले तर दोन मिनिटांत त्यांचे काहीच बिघडत नाही. जड विमानामागून हलके विमान त्याच धावपट्टीवरून सोडताना किमान दोन मिनिटांचे अंतर ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो त्यामुळेच. हे भोवरे प्रत्यक्षात मरतात ते दुसऱ्या मार्गाने. डाव्या-उजव्या पंखांचे दोन भोवरे एकमेकांना नागमोडी वाकवतात, जवळ आल्यावर जोडले जाऊन कडी बनतात आणि मग तुटतात. स्टीव्हन क्रो यांनी १९७० मध्ये ही अस्थिरता समजावून दिली.

संगणकावर हा ऱ्हास पाहणाऱ्यांकडून ज्या चुका होतात, त्यांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण प्रकल्प-अहवालांत त्या पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली चूक पेटीची. अमर्याद अवकाश संगणकात मावत नाही म्हणून आवर्ती पेटी घेतात, म्हणजे एका बाजूने बाहेर गेलेले पाणी समोरच्या बाजूने आत येते. सुरुवातीला भोवरे पेटीपेक्षा फार लहान असतात आणि घाताचा नियम दिसतो; पण लहान भोवरे आधी मरत असल्याने उरलेल्यांचा सरासरी आकार वाढत जातो. तो पेटीच्या आकाराशी भिडला की नियम संपतो आणि घातांकी ऱ्हास सुरू होतो. पाण्याच्या १ मीटर बाजूच्या पेटीत सर्वांत लांब लाटेची ऊर्जा सुमारे साडेतीन तासांत ३७ टक्क्यांवर येते. त्या टप्प्याचे आकडे घातनियमात कोंबले की घातांक हवा तेवढा मोठा येतो आणि 'वीग्नर यांची मर्यादा मोडली' असा निष्कर्ष निघतो. मोडलेली काहीच नसते.

दुसरी चूक शून्य वेळेची. समजा ऊर्जा खरोखर 'वेळ अधिक १० सेकंद' याच्या उणे दीड घाताने घटते आहे. १० व्या आणि ४० व्या सेकंदाचे आकडे घेऊन, ते १० सेकंद विसरून, लॉग-लॉग कागदावर रेघ ओढली तर उतार उणे ०.९९ येतो. दीडचा एक झाला! म्हणून काळाचा आरंभ हाही एक अज्ञात धरून तो आकड्यांवरूनच शोधावा लागतो, आणि किमान दोन दशकांचा, म्हणजे शंभरपट काळाचा पट्टा हाती असल्याशिवाय घातांक सांगू नये.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते. वेग वाहून नेणाऱ्या पदासाठी पहिल्या क्रमाची, प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूचा फरक घेणारी सोपी पद्धत वापरली की ती गुपचूप स्वतःची श्यानता घालते: वेग गुणिले जाळीचे (संगणक ज्या बिंदूंवर हिशेब करतो त्यांच्यातले) अंतर, भागिले दोन. वेग सेकंदाला १०० मिलिमीटर आणि जाळी १ मिलिमीटरची असेल तर ही खोटी श्यानता ५० चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद. पाण्याची आहे १. म्हणजे संगणकात पाण्याऐवजी तेल फिरते आहे आणि त्याचा ऱ्हास मोजून आपण पाण्याविषयी बोलतो आहोत. यावर तपासणी सोपी आहे: श्यानता शून्य करून तोच संगणक-कार्यक्रम (प्रोग्रॅम) चालवा. अरेषीय पद ऊर्जा खात नाही हे वर आलेच, त्यामुळे ऊर्जा स्थिर राहिली पाहिजे. घटत असेल तर खाणारा तुमचा कार्यक्रम आहे, वाढत असेल तर तो लवकरच कोसळेल. पद तिरपे-सममित रूपात लिहून मध्य-फरक घेतले तर हा हिशेब जाळीवरही शून्य राहतो. मग उरते ती फक्त काळाच्या पायऱ्यांची चूक, आणि पायरी निम्मी केली की ती किती कमी होते तेही दिसते. घर्षणाचे पद सरळ पुढच्या पायरीने सोडवत असाल तर पायरी जाळीच्या अंतराच्या वर्गाला श्यानतेच्या सहापटीने भागून येते त्याहून लहान हवी. १ मिलिमीटर जाळीला पाण्यासाठी ती ०.१७ सेकंद, एरंडेलासाठी तिच्या एक-हजारांश.

आपल्या लेखात रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांचेही नाव आहे. त्यांचा १९४१ चा नियम, संक्षोभाची ऊर्जा काळाच्या उणे दहा-सप्तमांश घाताने घटते, आणि सॅफमन यांचा १९६७ चा उणे सहा-पंचमांशाचा नियम हे जाळीमागच्या वाऱ्यासारख्या, सगळीकडे सारख्या पसरलेल्या संक्षोभासाठी आहेत. तिथे ऊर्जा एकक घनफळामागे मोजतात आणि गृहीतके भौतिक आहेत. शोनबेक-वीग्नर यांची प्रमेये एकूण सांत ऊर्जेच्या प्रवाहांसाठी आहेत. दोन्हींचे घातांक शेजारी ठेवून विसंगती शोधणे व्यर्थ आहे.

शेवटी शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी एक प्रयोग, पेल्याचा वरचा हिशेब पडताळण्यासाठी. सरळ भिंतींचे, आतून ७ सेंटिमीटर व्यासाचे काचेचे भांडे घ्या आणि ६ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरून आदल्या रात्रीच खोलीत ठेवून द्या. ताज्या नळाच्या किंवा कोमट पाण्यात तापमानाच्या फरकाने उभे प्रवाह सुरू असतात आणि शेवटचे संथ फेरे तेच बिघडवतात. भांडे झाकलेले हवे. पृष्ठभागावर धुळीचा वा तेलाचा तवंग आला की वरचा थर भिंतीशी अडतो आणि तरंगता कण पाण्याचा वेग दाखवतच नाही. तळाला उकळून बसलेल्या चहाचे चार-पाच दाणे टाका, वर वाळक्या पानाचा मोहरीएवढा तुकडा, भिंत आणि मध्य यांच्या बरोबर मध्ये. भिंतीला चिकटलेला तुकडा सोडून द्या, दुसरा टाका. चमच्याने एकाच दिशेने पंधरा सेकंद ढवळा, चमचा सरळ वर काढा, चार सेकंद जाऊ द्या आणि वरून मोबाइलने चित्रीकरण करा. प्रत्येक फेऱ्याचे सेकंद मोजून ६.२८ ला त्याने भागा, म्हणजे कोनीय वेग मिळेल, आणि तो वेळेसमोर अर्ध-लॉग कागदावर मांडा (वेगाचा अक्ष लॉगचा). पहिली दोन मिनिटे बिंदू वक्र रेषेवर येतील. त्याच वेळी तळाचे दाणे मध्याकडे सरकताना दिसतील. फेरा १२ सेकंदांच्या पुढे गेला की बिंदू सरळ रेषेवर बसू लागतात. त्या रेषेवर १२ सेकंदांचा फेरा ३३ सेकंदांचा व्हायला, पाणी २० अंशाला असेल तर सुमारे ८० सेकंद लागायला हवेत, ३० अंशाला असेल तर १००.

आपले,
उपयोजित गणित शिकवणारे दोन अध्यापक, पुणे